गाडी चढावर दम टाकते, गरम झाली की बंद पडते : फ्यूल पंप बदलायच्या आधी हे बघून घ्या

माझी गाडी १७ वर्षांची आहे, साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणारं), विशेष काही नाही. पण "इंजिनपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये" या एकाच दुखण्याने तिने मला इतक्यांदा रस्त्याच्या कडेला बसवलंय, आणि मग मित्रांच्या, पाहुण्यांच्या, ऑफिसातल्यांच्या जुन्या गाड्या धरून हेच दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय, की आता कोणी फोनवर "अरे गाडी झटके देतेय" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो टाकीत पेट्रोल किती होतं, आणि दुसरा, गाडी गरम होती का गार. वीसेक गाड्या झाल्या असतील आत्तापर्यंत. त्यातल्या चारच गाड्यांचा पंप खरोखर मेलेला होता. तरी जवळपास प्रत्येकाला कोणीतरी आधी पंपच बदलायला सांगितलेलं असतं, आणि मी स्वतः पहिल्या वेळी तेच केलं होतं, ती फजिती खाली येईलच.

पंप टाकीत असतो, दिसत नाही, म्हणून सगळा संशय त्याच्यावर जातो. पण विचारायचे प्रश्न तीनच आहेत: पंपाला करंट पुरेसा मिळतोय का, पंपाने ढकललेलं पेट्रोल पुढे पोचतंय का, आणि जे पोचतंय ते पेट्रोल धड आहे का. पंप खराब आहे का हा प्रश्न या तिघांनंतर.

आधी लक्षणं नीट बघा

"गाडी बंद पडते" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कधी बंद पडते त्यात सगळं आहे.

सकाळचा पहिला सेल्फ खूप लांब मारावा लागतो, पण सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली की मग पटकन चालू होते. म्हणजे रात्रभरात पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय. पंप बहुतेक चांगलाच आहे, त्याच्या आतला, पेट्रोल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, प्रेशर आवरणारा रेग्युलेटर किंवा पेट्रोल फवारणारा एखादा गळका इंजेक्टर यातलं काहीतरी.

आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) एकदम शांत, गल्लीत मस्त, पण चढावर किंवा भरलेल्या गाडीत चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की दम टाकते, जणू कोणी मागून धरून ठेवलंय. इथे पेट्रोल येतंय पण पुरत नाहीये: फिल्टर, टाकीत पंपाच्या तोंडावरची जाळी, किंवा पंपाला मिळणारा कमी व्होल्टेज. (एक्झॉस्टमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झाला तरी अगदी असंच होतं, आणि यात लोक फार फसतात.)

अर्धा-पाऊण तास चालून गरम झाली की बंद, वीस-तीस मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नाही. यात पंप असू शकतो, पंपाचा करंट चालू-बंद करणारा रिले असू शकतो, आणि तितक्याच वेळा इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँक सेन्सर असतो, ज्याचा पेट्रोलशी थेट काही संबंधच नाही.

टाकी पावच्या खाली गेली की आणि वळणावर झटके: जाळी, किंवा टाकीच्या आत पंपाला जोडलेली छोटी नळी चिरलेली. टाकी भरलेली असताना ही चीर त्रास देत नाही म्हणून लोक म्हणतात "पेट्रोल भरलं की बरी चालते".

पेट्रोल भरल्या भरल्या मात्र चालू व्हायला कुरकुर करते, बाकी वेळेस नाही, तर तो टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला. टाकीतली वाफ सरळ इंजिनात जाते आणि मिश्रणात पेट्रोल भलतंच जास्त होतं. नोझल क्लिक झाल्यावरही वरपर्यंत ठासून भरायची सवय असेल तर टाकीच्या वाफा धरणारा कोळशाचा डबा पेट्रोलने भिजतो आणि हा त्रास स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला असतो.

आणि काळा धूर, ॲव्हरेज घसरलेला, पेट्रोलचा वास ही उलटी बाजू, पेट्रोल जास्त येतंय. त्याला पंप बदलून उपयोग शून्य.

चार-पाच दिवस एक साधी नोंद ठेवा: गरम का गार, टाकी किती, कुठला गिअर, चढ का सपाट, किती वेळाने परत चालू झाली. कंटाळवाणं काम आहे पण मी निम्म्या गाड्या या नोंदीवरूनच ओळखल्यात, हात काळे न करता.

फुकटातल्या गोष्टी

टाकीत पाच-दहा लिटर टाकून बघा. हसू नका. जुन्या गाडीत फ्लोटचा काटा खोटं बोलतो, माझा स्वतःचा काटा पाव दाखवत असताना टाकी कोरडी होती आणि मी बोनेट उघडून तासभर वायरी हलवत बसलो होतो.

गाडी दोन-चार महिने उभी होती का तेही आठवा. पेट्रोल शिळं होतं, त्यातला पटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखं काहीतरी राहतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. पंप ओढतो तो तळातूनच. वरून ताजं पेट्रोल ओतलं म्हणजे दुरुस्त झालं असं होत नाही, अशा वेळी टाकी रिकामी करूनच घ्यावी लागते. आणि कृपा करून नळी तोंडाने ओढू नका, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर ते दुखणं गाडीपेक्षा फार मोठं आहे.

मग कान लावा. रेडिओ, पंखा बंद, कोणाला तरी चावी ऑनवर आणायला सांगा, सेल्फ मारायचा नाही, आणि तुम्ही मागच्या सीटजवळ किंवा टाकीच्या तोंडाशी कान न्या. साधारण दोन सेकंद "घुंऽऽ" आवाज येऊन थांबला पाहिजे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पंपाला एवढीच दोन सेकंदं देतो, लाइनमध्ये प्रेशर भरायला, आणि मग इंजिन फिरतंय असा सिग्नल येईपर्यंत पंप बंद ठेवतो, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं तर पंप पेट्रोल ओकत राहू नये. त्या दोन सेकंदांच्या आवाजातून फ्यूज, रिले, वायर, ईसीयूची आज्ञा आणि पंपाची मोटर हे सगळं निदान जिवंत आहे एवढं एका फटक्यात कळतं. (काही गाड्या दार उघडल्यावरच पंप फिरवतात, म्हणून चावीला आवाज आला नाही तर एकदा दार उघडूनही ऐका.) पण आवाज आला म्हणजे पंप तंदुरुस्त असं नाही, आवाज करणारा म्हातारा पंपही निम्मंच प्रेशर देऊ शकतो.

त्याच वेळी दुसरी गंमत बघा: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का. बऱ्याच गाड्यांत सेल्फवर तो थोडासा उचलतो. ठार शून्यावर बसला असेल तर क्रँक सेन्सरकडे बघा, कारण ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नसेल तर तो पंपालाही करंट देणार नाही आणि स्पार्कही नाही. यात किती पंप विनाकारण बदलले गेले असतील देव जाणे.

टाकीचं झाकण. त्रास सुरू झाला की सुरक्षित जागी थांबा आणि झाकण हळू उघडा. आत हवा ओढल्याचा जोरात फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुतासारखी सरळ चालली, तर टाकीत हवा शिरायची वाट बंद झालीय. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर पंप निर्वात पोकळीशी कुस्ती खेळतो. झाकण नाहीतर व्हेंटची नळी, त्यात चिखल किंवा किड्याने केलेलं मातीचं घर मी दोनदा काढलंय. थोडा आवाज नेहमीच येतो हं, तो दोष नाही.

फ्यूज, रिले आणि विसरलेलं बटण

फ्यूज नुसता बघू नका, काढून बघा, पाय काळवंडलेत का, सॉकेट सैल आहे का. उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा एकदा लावा, परत उडाला तर थांबा, मोठा फ्यूज लावायचा नाही म्हणजे नाही. तो उडतोय कारण वायर कुठेतरी घासलीय किंवा पंप जाम होऊन जास्त करंट ओढतोय, मोठा फ्यूज लावला की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीत जाते.

रिले तपासायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा किंवा एसीचा रिले बहुतेक त्याच प्रकारचा असतो, नंबर जुळतोय बघून तो पंपाच्या जागी लावा आणि दोन दिवस तसंच चालवा. जुन्या रिलेच्या आतल्या सोल्डरला केसाएवढ्या चिरा पडतात, गार असताना चालतो, उन्हात तापला की सोडून देतो. "गरम झाली की बंद" वाल्या दोन गाड्या माझ्या हातून नुसत्या रिलेवर सुटल्यात.

काही गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारं इनर्शिया स्विच असतं, डिक्कीत कडेला किंवा पायाजवळ पॅनलमागे. मोठा खड्डा आदळला, किंवा डिक्कीत जड सामान त्यावर पडलं की ते उडतं. वरचं बटण दाबलं की काम झालं. तुमच्या गाडीत आहे का ते मॅन्युअलमध्ये दोन मिनिटांत सापडेल. फक्त अपघातानंतर उडालं असेल तर आधी गाडीखाली गळतंय का बघा आणि मगच दाबा.

स्कॅनर, पण कोड वाचायला नाही

ईसीयूमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथचं छोटं स्कॅनर आता सगळ्यांकडे असतं. ते जिथे लावायचं तो १६ पिनांचा ओबीडी सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आला, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो सापडतो. लोक दोषाचे कोड वाचतात, पी०१७१ दिसला, "लीन" लिहिलंय, झालं, पंप मागवला. कोड हे फक्त बोट दाखवणं आहे हो. पी०१७१ चा अर्थ मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढाच. हवा जास्त शिरतेय म्हणूनही ते होतं.

बघायचं असतं ते फ्यूल ट्रिम. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते हा आकडा सांगतो. शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (दीर्घकाळचा) दोन्हींची बेरीज साधारण दहा टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे, असेल तर काळजी नाही. वीस-पंचवीस अधिक दाखवत असेल तर ईसीयू जीव तोडून पेट्रोल वाढवतोय आणि तरी पुरत नाहीये.

आता खरी मजा. इंजिन गरम करून आयडलला आकडा लिहा, मग २५०० आरपीएमवर स्थिर धरून लिहा, मग शेजारी कोणाला तरी बसवून चढावर जोर लावताना त्याला वाचायला सांगा. आयडलला आकडा मोठा आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होतो, तर कुठेतरी व्हॅक्यूमची नळी फाटलीय, हवा चोरून शिरतेय. उलट आयडलला ठीकठाक आणि जोर लावल्यावर वाढत जातो, तर पेट्रोल कमी पडतंय, किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर घाण झालाय आणि कमी हवा सांगतोय. तो त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने साफ करून, वाळवून, परत बघायचं, सेन्सरच्या आतल्या तारेला बोट लावायचं नाही. एका स्प्रेच्या डब्यावर पंप वाचलेला मी पाहिलाय.

चालूच होत नाही अशा गाडीसाठी अजून एक चाचणी आहे, इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रेचा अगदी छोटा फवारा मारून सेल्फ मारायचा. दोन सेकंद पकडून बंद झाली तर स्पार्क ठीक, पेट्रोल येत नाही. पकडलीच नाही तर आधी स्पार्क बघा. ही फक्त पेट्रोल गाडीला, डिझेलला नाही, ग्लो प्लगमुळे तिथे स्फोट होऊ शकतो. आणि फवारा मारताना तोंड बाजूला.

आता पेट्रोलच्या लाइनला हात, म्हणून आधी हे

उघड्यावर काम करा, खड्डा असलेल्या गॅरेजात नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठून राहते. इंजिन गार हवं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, लांब ठेवलेला नाही. तारेच्या बल्बचा दिवा नको, फुटला तर ठिणगी. लाइन सोडायच्या आधी प्रेशर उतरवा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते आपोआप घुटमळून बंद पडेल, मग परत एक-दोनदा सेल्फ मारा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि तरीही जोडाला फडकं गुंडाळूनच सोडा, थोडं उडतंच. डोळ्याला चष्मा. हे वाचून कंटाळा आला असेल तर हे काम दुसऱ्याला द्या, मी मनापासून सांगतोय.

फिल्टर

बाहेर, गाडीखाली फिल्टर असेल तर तो बदलायला फार विचार करायचा नाही, कधी बदलला हे आठवत नसेल तर वेळ झालीच. बाणाची दिशा इंजिनाकडे. पण खरं निदान जुन्या फिल्टरमध्ये असतं. तो फेकायच्या आधी पंपाकडच्या तोंडाने पांढऱ्या भांड्यात उलटा करा. मी एकदा केला तर चहाच्या चोथ्यासारखं काळं-तपकिरी पाणी आणि तळाला गंजाची बारीक चमचमती पावडर, हलवलं की भांड्यात फिरणारी. म्हणजे टाकी आतून गंजलीय, आणि नवा फिल्टर काही महिन्यांत परत तिथेच येणार. स्वच्छ पेट्रोल आलं तर पुढे चला. बऱ्याच नंतरच्या गाड्यांत फिल्टर टाकीतच पंपाबरोबर असतो, तिथे ही सोय नाही.

खाली आहातच तर रबरी नळ्या वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला, आणि नळी इंजेक्शनच्या प्रेशरचीच घ्या, कार्ब्युरेटरची नळी हे प्रेशर सोसत नाही.

व्होल्टेज: इथे मी पहिल्यांदा तोंडावर पडलो

माझी गाडी चढावर मरायला लागली तेव्हा गॅरेजवाल्याने पंप सांगितला, मी बदलला. गाडी पळायला लागली. सगळे खूश. दोन महिन्यांनी परत तेच. "पंप डुप्लिकेट लागला असेल" म्हणून दुसरा बसवला, परत गाडी पळाली, आणि सात आठवड्यांनी परत मेली. तेव्हा कुठे मी मल्टिमीटर घेऊन मागची सीट उचलली.

बॅटरीवर इंजिन चालू असताना १४ व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असताना, दोन वायरींमध्ये साडेनऊ. साडेचार व्होल्ट मधेच कुठेतरी गायब. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर लांब वायरीने आणि दुसरी पंपाच्या अर्थ वायरीवर लावली, तिथेच तीन व्होल्टच्या वर. ती अर्थ वायर डिक्कीच्या कार्पेटखाली एका बोल्टला येत होती, टेललाइटच्या सीलमधून पाणी झिरपून त्या बोल्टखाली हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड झाली होती, आणि कनेक्टरची एक पिन तापून तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक मधासारखं पिवळं पडलं होतं. बोल्ट काढला, पत्रा सँडपेपरने घासला, नवी रिंग लावली, कनेक्टरची पिन बदलली, वरून ग्रीस. झालं. तो दुसरा पंप आजही त्याच गाडीत आहे, पाच वर्षं झाली, आणि पहिला काढलेला मूळ पंप बहुतेक ठणठणीत होता.

मग पंप बदलल्यावर दर वेळी बरी का व्हायची? कारण पंप बदलताना कनेक्टर काढून परत घातला जातो, त्यात पिना एकमेकींवर घासतात, गंज खरवडला जातो, थोडे दिवस संपर्क नीट होतो. चुकीच्या निदानाला गाडीच दुजोरा देते आणि आपण फसतो. म्हणून "पंप बदलला आणि बरी झाली" यावर मी आता लगेच विश्वास ठेवत नाही.

मोजताना पंप चालू असलाच पाहिजे. कनेक्टर काढून मोजलं तर खराब वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण करंट वाहतच नाही, आणि वायर कमकुवत आहे हे वजन टाकल्याशिवाय कळत नाही. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर आणि पॉझिटिव्हच्या बाजूला साधारण अर्ध्या व्होल्टच्या वर नुकसान दिसलं तर शोध सुरू करा. एक अपवाद, काही गाड्यांत पंपाचा वेग वेगळा कंट्रोल मॉड्युल ठरवतो, तिथे आयडलला व्होल्टेज मुद्दाम कमी असतो, तेव्हा आधी मॅन्युअल बघा.

करंट पूर्ण पोचतोय, अर्थ चांगला आहे, आणि पंप गप्प, तर टाकीच्या खालून रबरी हातोडीने किंवा बुटाने हलकेच ठोका. फिरायला लागला तर आतले ब्रश झिजलेत. हा इलाज नाही, घरी पोचायची सोय आहे, आता मात्र पंपच.

प्रेशर आणि मात्रा

एवढं सगळं बरोबर निघालं तरच प्रेशर मोजायचा गेज. रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) चाचणीचा व्हॉल्व्ह असेल तर सोपं, नसेल तर टी जोड लावून मधे घ्यावा लागतो. पोर्ट इंजेक्शनला साधारण ३ ते ४ बार, म्हणजे ४३ ते ५८ पीएसआय, कार्ब्युरेटरच्या गाडीला जेमतेम ०.२ ते ०.४ बार. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा.

रेग्युलेटर रेलवर असेल आणि त्याला व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर आयडलला ती काढा, प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास वर चढलं पाहिजे. आणि त्या नळीत पेट्रोलचा ओलावा किंवा वास असेल तर आतला पडदा फाटलाय, काळ्या धुराचं कोडं तिथेच सुटलं.

इंजिन बंद करून गेज तसाच ठेवा आणि वीस मिनिटं दुसरं काहीतरी करा. काटा थोडा उतरला तर चालतं, काही मिनिटांत शून्यावर आला तर तो सकाळचा लांब सेल्फ इथून येतोय. कुठून गळतंय ते नळी दाबून ओळखतात, पंपाकडची दाबल्यावर प्रेशर टिकलं तर दोष पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये, टाकीकडे परत जाणारी दाबल्यावर टिकलं तर रेग्युलेटर, दोन्ही दाबूनही उतरलं तर इंजेक्टर. फक्त रबरी नळी, ती पण नरम असेल तरच, प्लास्टिकची दाबली की तुटली समजा.

आयडलला प्रेशर बरोबर म्हणून खूश होऊ नका, आयडलला इंजिन पितंच किती. गेज काचेला चिकटवून गाडी चालवणारे असतात, मी पेट्रोलची नळी काचेपर्यंत कधी नेत नाही. त्याऐवजी मात्रा मोजतो. रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ नंबरच्या खाचा फ्यूज असलेल्या वायरीने जोडल्या की पंप सलग फिरतो, लाइन मापाच्या खुणा असलेल्या कॅनमध्ये सोडायची, वायर जोडायचं काम दुसऱ्या माणसाने कॅनपासून लांब उभं राहून करायचं. बऱ्याच छोट्या गाड्यांत अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर तरी यायला पाहिजे, तुमचा आकडा परत मॅन्युअलमधलाच. प्रेशर ठीक पण मात्रा कमी, तर जाळी किंवा फिल्टर चोक. दोन्ही कमी आणि व्होल्टेज पूर्ण, तर पंप, किंवा टाकीच्या आतली ती चिरलेली नळी.

ती नळी बदलताना एक चूक हमखास होते, बाहेरची इंजेक्शन नळी आत लावतात. पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी वेगळी असते, एसएई जे३० आर१० असं त्यावर छापलेलं बघून घ्या. बाहेरची आर९ नळी वरच्या आवरणाने पेट्रोलमध्ये फुगते, काही महिन्यांत मऊ होऊन सुटते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गाडीत बसल्यावर पेट्रोलचा वास येतोय किंवा खाली ओलं दिसतंय, तर चालू करून बघायचंसुद्धा नाही, टो करून न्या.

डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल (सरळ सिलिंडरात फवारणारं) किंवा कॉमन रेल डिझेल असेल तर तुमचं काम झाकण, फ्यूज, रिले, स्कॅनर आणि व्होल्टेजपर्यंतच. पुढच्या बाजूला पेट्रोलमध्ये शंभर-दोनशे बार आणि डिझेलमध्ये १६०० ते २००० बार असतं, सुईएवढ्या गळतीची धार कातडी फोडून आत जाते. तशी कधी लागलीच तर बाहेरून नुसता ठिपका दिसतो, तरी सरळ हॉस्पिटल, उद्यावर टाकायचं नाही.

सीएनजी-एलपीजी किटची लाइन, टाकी खाली उतरवायची वेळ, टाकीतल्या वायरी जळालेल्या, सारखा उडणारा फ्यूज, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय म्हणून पंपच चालत नाही, यातल्या कशालाही मी घरी हात लावत नाही. आणि प्रेशर, मात्रा, व्होल्टेज तिन्ही बरोबर निघूनही गाडी दम टाकत असेल तर पेट्रोलचा नाद सोडा, एक्झॉस्टचं बॅकप्रेशर आणि गरम झाल्यावरचा स्पार्क तपासणारा माणूस गाठा.

त्याच्याकडे जाताना "पंप बघा" म्हणू नका, तो पंपच बघेल. लक्षणांची ती नोंद आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून द्या: व्होल्टेज इतका, अर्थवर नुकसान इतकं, प्रेशर इतकं, वीस मिनिटांनी इतकं. शेवटी पंप बदललाच तर जुना परत मागा आणि त्याची जाळी बोटांत धरून बघा. स्वच्छ असेल तर ठीक. काळी, चिकट, गंजाने भरलेली असेल तर टाकी धुतली का ते तिथेच विचारा, नसेल तर गाडी तशीच परत आत लावायला सांगा, कारण तोच कचरा आता नव्या जाळीवर बसणार आहे.